धुराचे सोने आणि क्रमाचा प्रश्न

आपल्या देशातील सत्ताधारी वर्गाला विज्ञानाची आठवण केव्हा होते, हे पाहण्याजोगे असते. गिरणी कामगाराच्या फुप्फुसात कापसाची तूस साचत होती तेव्हा ती झाली नाही. औष्णिक वीजकेंद्रांची राख शेतांत आणि नद्यांत उतरू लागली तेव्हाही झाली नाही. परंतु धुराड्यावरच प्रश्नचिन्ह उभे राहिले, ‘हा कोळसा आणखी किती दिवस जाळणार?’ असे जग विचारू लागले, आणि लगेच विज्ञानाची आरती सुरू झाली. धुराड्यातून निघणारा कर्बवायू आता म्हणे कचरा राहिलेला नाही. तो कच्चा माल आहे. तांबे, चांदी, कथील अशा धातूंच्या पातळ पडद्यावरून तो विजेच्या साह्याने नेला की त्याचे इंधन होते, प्लॅस्टिकचा पाया असलेले इथिलीन होते, आम्ले होतात, अल्कोहोल होते. थोडक्यात, धुराचे सोने होते!

हे केवळ सभा-संमेलनांतील बोलणे असते तर त्यासाठी या साप्ताहिकाची जागा अडविण्याचे कारण नव्हते. परंतु नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्बवायू पकडणे, वापरणे आणि साठविणे यांसाठी धोरणाची चौकट सांगणारा अहवाल प्रसिद्ध केला, आणि फेब्रुवारी २०२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात याच कामासाठी पाच वर्षांत २०,००० कोटी रुपयांची तरतूद सुचविण्यात आली. लाभार्थी क्षेत्रे कोणती? वीज, पोलाद, सिमेंट, तेलशुद्धीकरण आणि रसायने. दुसऱ्या हाताने हेच सरकार २०३१-३२ पर्यंत कोळशावरील किमान ८० हजार मेगावॅट नवी क्षमता उभारण्याची भाषा करीत आहे, आणि २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेल्याचा उत्सवही साजरा झाला आहे. ही दोन वाक्ये वेगवेगळी वाचली तर विकासाची वाटतात. एकत्र वाचली म्हणजे त्यांतील राजकारण दिसू लागते. म्हणून हा हिशेब पक्षाच्या कार्यकर्त्याने स्वतः मांडून पाहिला पाहिजे. अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाने रसायनशास्त्रात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे: पैसा जनतेचा आहे, आणि त्रैराशिकाला कोणत्याही विद्याशाखेची परवानगी लागत नाही.

प्रथम विज्ञानाला त्याचे श्रेय देऊ. या संशोधनात लबाडी नाही. ते खरे आहे आणि सुंदरही आहे. पाण्यात वीज सोडली की ऋणाग्राशी हायड्रोजन आणि धनाग्राशी प्राणवायू निघतो, हे आपण शाळेत शिकलो. त्याच पाण्यात कर्बवायू मिसळलेला असेल तर ऋणाग्राकडून येणारे इलेक्ट्रॉन हायड्रोजनऐवजी कर्बवायूच्या रेणूला देता येतात. याला रसायनशास्त्रात क्षपण म्हणतात. काय निघेल हे ऋणाग्राच्या धातूवर अवलंबून असते. सोने, चांदी आणि जस्त यांवर मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड मिळतो. कथील, शिसे, इंडियम यांवर फॉर्मिक आम्लाचे क्षार मिळतात. प्लॅटिनम, निकेल, लोखंड यांवर कर्बवायू जवळजवळ तसाच राहतो आणि हायड्रोजनच बाहेर पडतो. सर्वांत विलक्षण धातू तांबे. जपानमधील चिबा विद्यापीठाचे योशिओ होरी आणि त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की तांब्याच्या ऋणाग्रावर मिथेन आणि इथिलीन यांसारखे हायड्रोकार्बन तयार होतात. ज्या धातूची भांडी आपल्या घराघरांत होती, त्याच्या पृष्ठभागावर कर्बाचे दोन अणू एकमेकांना जोडले जावेत, ही गोष्ट कोणाही जिज्ञासू माणसाला मोहविणारी आहे. गेली चाळीस वर्षे जगभरचे संशोधक तांब्याच्या या गुणाचा पाठपुरावा करीत आहेत. आपल्याकडे मुंबईची आयआयटी आणि बंगळूरचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र या दोन ठिकाणी २०२२ मध्ये या विषयाची राष्ट्रीय केंद्रे सार्वजनिक पैशातून सुरू झाली आहेत. त्याबद्दल कोणाही समाजवाद्याने आनंदच मानावा.

आता हिशेब. कोळसा जळतो तेव्हा उष्णता बाहेर पडते आणि कर्बवायू उरतो. याचा अर्थ कर्बवायू म्हणजे डोंगरावरून घरंगळत येऊन दरीच्या तळाशी विसावलेला दगड आहे. त्याला पुन्हा वर चढवायचे तर घरंगळताना जितकी शक्ती मोकळी झाली तितकी तरी परत खर्च करावी लागणार. उत्तम उत्प्रेरक या चढणीची वाट सुकर करील. डोंगराची उंची मात्र कोणताही उत्प्रेरक कमी करू शकत नाही. ती निसर्गाने ठरवून दिलेली आहे, आणि तिच्यात दुरुस्ती सुचविण्याचा अधिकार नीती आयोगाला नाही.

ही उंची किती? एक किलो कर्बवायूचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर करायचे, तेही असा आदर्श विद्युतघट कल्पून की ज्यात विजेचा एक कणही वाया जात नाही, तरी सुमारे १.६ युनिट वीज लागते. आता कोळशावरील वीजकेंद्र पाहा. तेथे एक युनिट वीज निर्माण करताना सुमारे एक किलो कर्बवायू बाहेर पडतो. म्हणजे आपल्याच धुराचे ‘सोने’ करायचे ठरविले तर त्या केंद्राने आपली सगळी वीज त्या कामी लावूनही धूर संपणार नाही. बाहेरून आणखी वीज आणावी लागेल. हे झाले आदर्श घटाचे. प्रत्यक्षातील घट तीन व्होल्टच्या आसपास चालतात, आणि त्या हिशेबाने किलोमागे जवळजवळ चार युनिटे लागतात. चार किलो धूर ओकून एक किलो धूर गिळणारे हे यंत्र आहे. आपल्या आजीबाईंनी याला केव्हाच नाव देऊन ठेवले आहे: चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

चंद्रपूरचे उदाहरण घेऊ. तेथील औष्णिक केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट. ते सत्तर टक्के भाराने चालते असे धरले तर दिवसाला सुमारे पाच कोटी युनिटे वीज आणि तितकेच किलो, म्हणजे सुमारे पन्नास हजार टन, कर्बवायू निघतो. एवढा वायू कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलण्यास आदर्श अवस्थेत आठ कोटी युनिटे आणि वास्तवात जवळपास वीस कोटी युनिटे वीज दररोज लागेल. एका चंद्रपूरचा धूर धुवायला चार चंद्रपूर लागतील, आणि त्या चारांचा धूर धुवायला सोळा!

इथिलीनचा हिशेब याहून बोलका आहे, कारण जाहिरात सर्वाधिक त्याचीच होते. इथिलीनचा एक रेणू घडविण्यासाठी बारा इलेक्ट्रॉन लागतात. एक टन इथिलीनसाठी ३.१ टन कर्बवायू आणि आदर्श घटात १३,२०० युनिटे वीज लागते. साडेतीन व्होल्टचा घट आणि साठ टक्के इलेक्ट्रॉन इथिलीनच्याच कामी लागणे, ही स्थिती आजच्या मानाने चांगलीच म्हणायची. तीत हा आकडा ६७,००० युनिटांवर जातो. चार रुपये युनिट धरा. एका टनाचा केवळ विजेचा खर्च २ लाख ६८ हजार रुपये होतो. बाजारात नॅफ्थापासून केलेले इथिलीन टनाला लाखाच्या आत मिळते. यात कर्बवायू पकडण्याचा, शुद्ध करण्याचा, यंत्रसामग्रीचा आणि कामगाराचा खर्च धरलेलाच नाही.

आणि प्रमाणाचे काय? जगाचे इथिलीन उत्पादन वर्षाला सुमारे १८ कोटी टन धरू. ते सर्व या मार्गाने करायचे ठरविले तर आजच्या घटांनी जगातील एकूण विजेचा सुमारे दोन-पंचमांश हिस्सा केवळ या एका रसायनाला द्यावा लागेल, आणि त्या बदल्यात जगाच्या वार्षिक कर्बवायूपैकी जेमतेम दीड टक्का वापरला जाईल. याच्या उलट फॉर्मिक आम्ल. त्याला दोनच इलेक्ट्रॉन पुरतात. टनाला साडेचार हजार युनिटांच्या आसपास विजेत ते होऊ शकते, आणि कातडी कमावण्यापासून रबराचा चीक गोठविण्यापर्यंत त्याला चांगली मागणीही आहे. पण जगाची त्याची मागणी वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास. सारेच्या सारे फॉर्मिक आम्ल कर्बवायूपासून केले तरी जिरेल तो दहा लाख टनांच्या आत-बाहेरचा वायू, म्हणजे आपल्या चंद्रपूरचा वीस-बावीस दिवसांचा धूर. या आम्लासाठी लागणारा उत्प्रेरक प्रामुख्याने कथलाचा असतो हे कळल्यावर आपली जुनी म्हण आठवल्यावाचून राहत नाही: नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

सारांश असा की जे परवडण्याजोगे आहे ते हवामानाच्या दृष्टीने नगण्य आहे, आणि जे हवामानाच्या दृष्टीने दखल घेण्याजोगे आहे ते परवडण्याजोगे नाही. शिवाय यांतील बहुतेक पदार्थांत कर्बवायू कायमचा कोंडला जात नाही. इंधन केले की ते जळते आणि वायू काही आठवड्यांत पुन्हा आकाशात जातो. अटक झाली म्हणून ढोल वाजवायचे आणि जामिनावर सुटका झाली की गप्प बसायचे, असा हा प्रकार आहे.

यावर तीन उत्तरे दिली जातात. त्यांचा परामर्श घेणे प्रामाणिकपणाचे होईल.

पहिले उत्तर असे की ही वीज कोळशाची नसेल, सूर्याची असेल. ठीक. मग सूर्याच्या एका युनिटाचा उत्तम उपयोग कोणता, हा प्रश्न विचारावा लागतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही संधीत्यागाचा खर्च ठाऊक असतो. सौर विजेचे एक युनिट कोळशाच्या युनिटाच्या जागी वापरले तर सुमारे एक किलो कर्बवायू निर्माणच होत नाही. तेच युनिट कार्बन मोनॉक्साइड करण्यात घातले तर पाव किलोच्या आसपास वायू वापरला जातो. इथिलीन करण्यात घातले तर अवघा पन्नास ग्रॅम. नॅफ्थाच्या भट्टीतून निघणारा वायू वाचला तोही जमेस धरला तरी सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या वर मजल जात नाही. देशात कोळशाचे एक जरी केंद्र चालू आहे तोवर सौर विजेचा पहिला मान ते केंद्र थंड करण्याचा आहे. कोहळा देऊन आवळा घेणे याला नियोजन म्हणत नाहीत.

दुसरे उत्तर अधिक चतुर आहे. दुपारी राजस्थानसारख्या प्रांतात सौर वीज वाया जाते, वाहून न्यायला तारा नाहीत म्हणून केंद्रे बंद ठेवावी लागतात. ती फुकटची वीज वापरू, असे सांगितले जाते. परंतु तारा नसतील तर तारा ओढाव्यात, साठवण नसेल तर साठवण उभारावी. हे काम आधीचे आहे. आणि फुकटच्या विजेवर दिवसाचे पाच-सहा तासच चालणारा कारखाना उरलेले अठरा तास भांडवलावर व्याज भरीत बसतो. यंत्र महाग असेल तर ते सतत चालले पाहिजे. वीज स्वस्त हवी असेल तर ते थांबत-थांबत चालले पाहिजे. दोन्ही एकाच वेळी साधण्याची युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही. त्यातही या घटांना चालू-बंदचा खेळ मानवत नाही. वारंवार बंद-चालू केल्याने उत्प्रेरकाचा पृष्ठभाग बिघडतो. एरवीही क्षारांचे स्फटिक साचून वायूची वाट तुंबते, पडद्यातून पाणी झिरपते, आणि आत सोडलेल्या कर्बवायूचा मोठा वाटा कार्बोनेट होऊन निसटतो. मीठापासून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा करणारे विद्युतघट वर्षानुवर्षे चालतात. इथिलीन करणाऱ्या तांब्याच्या घटांचे आयुष्य अजून बहुधा काही शे तासांतच मोजले जाते.

तिसरे उत्तर असे की संशोधन पुढे जाईल, उत्प्रेरक सुधारतील. निश्चितच सुधारतील, सुधारले पाहिजेत. साठ टक्क्यांचे नव्वद होतील, साडेतीन व्होल्टचे अडीच होतील. परंतु वर सांगितलेली चढण तशीच राहील, आणि वरील युक्तिवादाचा गाभा त्या चढणीवर उभा आहे. आदर्श घटातसुद्धा एक किलो कर्बवायूचे इथिलीन करण्यास चार युनिटांहून अधिक वीज लागते. ती कोळशाची असेल तर चार किलो धूर आलाच. उद्याचा शोध आजच्या धुराड्याचे समर्थन करू शकत नाही.

मग हा खटाटोप चालतो कशासाठी? याचे उत्तर रसायनशास्त्रात सापडणार नाही. ते राजकीय अर्थशास्त्रात आहे. मध्य प्रदेशातील विंध्याचल हे देशातील सर्वांत मोठे औष्णिक केंद्र, क्षमता ४,७६० मेगावॅट. तेथे २०२२ मध्ये दिवसाला २० टन कर्बवायू पकडणारा संच बसविण्यात आला आणि त्यापासून मिथेनॉल करण्याचा प्रयोगही झाला. तो मार्ग थोडा वेगळा आहे. तेथे आधी पाण्यापासून हायड्रोजन काढतात आणि मग त्याचा कर्बवायूशी संयोग घडवितात. प्रयोग म्हणून त्याचे स्वागत करू. पण हे केंद्र ऐंशी टक्के भाराने चालते तेव्हा सेकंदाला जवळपास एक टन कर्बवायू बाहेर टाकते. संचाने दिवसभर कष्ट करून पकडलेला वायू केंद्र वीस सेकंदांत सोडते. दिवसाची उरलेली तेवीस तास एकोणसाठ मिनिटे चाळीस सेकंदे कोणाच्या खात्यावर मांडायची?

अमेरिकेचा अनुभव याहून उद्बोधक आहे. टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळच्या कोळसा केंद्रावर ‘पेट्रा नोव्हा’ हा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला. त्याला संघराज्य सरकारच्या ऊर्जा खात्याने सुमारे १९ कोटी डॉलर दिले होते. पकडलेला वायू नेला कोठे? जुन्या तेलक्षेत्रात, जमिनीतून आणखी तेल उपसण्यासाठी! मे २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि प्रकल्प बंद झाला. तो पुन्हा चालू झाला सप्टेंबर २०२३ मध्ये. पृथ्वीचा ताप उतरला म्हणून तो बंद पडला नव्हता. नफा उतरला म्हणून पडला होता. त्याच देशात २०२२ च्या कायद्याने वायू पुरून ठेवल्यास टनाला ८५ डॉलर आणि वापरल्यास ६० डॉलर करसवलत देऊ केली. जुलै २०२५ च्या कायद्याने वापरणाऱ्यालाही ८५ डॉलर देऊन दोघांना एका पंगतीला बसविले. प्रदूषण करणाऱ्याने दंड भरावा, हे तत्त्व आपण मांडीत आलो. भांडवलशाहीने ते उलटे केले आहे: प्रदूषण करणाऱ्याला, त्यातले चिमूटभर परत गोळा केल्याबद्दल, करदात्याने बक्षीस द्यावे!

आपल्या २०,००० कोटींचे असेच होणार नाही याची हमी काय? कर्बवायू वापराच्या आश्वासनाचा खरा उपयोग रसायने करण्यासाठी नाही. तो परवानगी मिळविण्यासाठी आहे. नव्या धुराड्याच्या अर्जाला ‘भविष्यात कर्बवायूचा उपयुक्त वापर’ असे एक परिशिष्ट जोडले की जनसुनावणीत उठणाऱ्या शेतकऱ्याचे तोंड बंद करता येते. मध्ययुगीन युरोपात पापक्षालनाची पत्रे विकली जात. पाप करण्यापूर्वीही ती घेऊन ठेवता येतात, अशी त्या बाजाराची ख्याती होती. हे परिशिष्ट त्याच जातीचे आहे.

येथवर वाचून काही साथी म्हणतील, ‘म्हणजे हे सारेच थोतांड; टाका गुंडाळून.’ त्यांच्याशीही प्रस्तुत लेखकाचा मतभेद आहे. विज्ञानाकडे पाठ फिरविणे ही समाजवादाची परंपरा नाही. कोळसा जाळणे एक दिवस थांबेल, थांबलेच पाहिजे. पण त्या दिवसानंतरही माणसाला औषधे, रंग, धागे, प्लॅस्टिक लागणार आणि त्या सर्वांना कर्ब लागणार. खनिज तेलातून कर्ब घ्यायचा नाही तर तो हवेतून, उसाच्या चिपाडातून, चुनखडीच्या भट्टीतून घ्यावा लागेल. सिमेंटचे पाहा. त्यातील निम्म्याहून अधिक कर्बवायू इंधनातून येत नाही. तो खुद्द चुनखडी फुटून बाहेर पडतो. सूर्यप्रकाशावर भट्टी चालविली तरी तो निघणारच. अशा ठिकाणी वायू पकडण्याला पर्याय नाही, आणि त्याचे पुढे काय करायचे हे सांगणारी विद्या तेव्हा लागेल. आज ती शिकलो नाही तर उद्या ती परदेशी कंपन्यांकडून त्यांच्या भावाने विकत घ्यावी लागेल. प्रश्न विद्येचा नाही, क्रमाचा आहे. नियोजन म्हणजे क्रम लावणे. आधी कोळशाची जागा घेणे, मग सिमेंट-पोलादासारख्या अवघड उद्योगांचा वायू, आणि स्वच्छ वीज मुबलक झाल्यावर रसायने. हा क्रम उलटा केला की विज्ञानाची जाहिरात होते.

दुसरा मतभेद कामगार संघटनांतील साथींशी आहे, आणि तो अधिक नाजूक आहे. वीजकेंद्रांत आणि खाणींत काम करणाऱ्यांना वाटते की या नव्या तंत्राने धुराडे वाचले तर आपली चूलही वाचेल. ही आशा समजण्याजोगी आहे. तिची टिंगल करण्याचा अधिकार निवृत्तिवेतन घेणाऱ्या कोणालाही नाही. परंतु ती खोटी आहे, आणि कामगाराला खोटी आशा दाखविणे हा मालकाचा धंदा आहे, आपला नाही. वीजकेंद्र बंद पडेल ते त्याची वीज महाग झाल्यामुळे. त्या दिवशी कायम कामगाराला काही रक्कम मिळेल, कंत्राटी कामगाराला फाटकावर नोटीस मिळेल, आणि धुराचे सोने करणारा संच भंगारात निघेल. आज लढायचे आहे ते त्या दिवसाच्या तयारीसाठी: पर्यायी उद्योग, प्रशिक्षण, वेतनाची हमी आणि कंत्राटी कामगाराचा त्यात समान हक्क. उत्प्रेरकावरचे पैसे त्या निधीतून वळविले जाणार असतील तर आपण त्याविरुद्ध उभे राहिले पाहिजे.

मग या संशोधनाला योग्य जागा कोणती? महाराष्ट्रात ती आपल्या डोळ्यांसमोर आहे. सहकारी साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळी आंबते तेव्हा प्रत्येक लिटर अल्कोहोलमागे सुमारे पाऊण किलो कर्बवायू निघतो, तोही जवळजवळ शुद्ध. दिवसाला ६० हजार लिटर क्षमतेची एक मध्यम आसवनी ४५ टन वायू सोडते. विंध्याचलच्या संचाच्या दुपटीहून अधिक! धुराड्यातील वायूत तो दहा-पंधरा टक्केच असतो आणि वेगळा काढण्यासाठी मोठा खर्च येतो. येथे तो खर्च जवळजवळ नाही. काही आसवन्या तो शीतपेयांसाठी आणि शुष्क बर्फासाठी विकतातही. अशा एखाद्या आसवनीतील दहावा हिस्सा वायू घेऊन, चार-पाच मेगावॅट सौर विजेवर, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, कराईकुडीची केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था आणि मुंबईची आयआयटी यांनी मिळून फॉर्मिक आम्लाचा प्रायोगिक कारखाना का उभारू नये? त्याने हवामान वाचेल असा दावा कोणी करू नये. वरचा हिशेब त्यालाही लागू आहे. उसाच्या पाण्याचा प्रश्नही त्याने सुटत नाही. परंतु घट किती तास टिकतो, क्षार कोठे साचतात, धातू किती झिजतो, खर्च प्रत्यक्षात किती येतो, हे आपल्या माणसांना आपल्या मातीत कळेल. आणि ते ज्ञान सहकाराच्या व सार्वजनिक संस्थांच्या मालकीचे राहील.

मालकीचा मुद्दा शेवटचा, पण सर्वांत महत्त्वाचा. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांच्या पदार्थावरील मक्तेदारी मोडली आणि आपला देश गरिबांना स्वस्त औषधे देऊ शकला; २००५ च्या दुरुस्तीने ते दार बरेचसे लोटले गेले. डिसेंबर २००८ मध्ये सरकारी पैशातून झालेल्या संशोधनावर पेटंटहक्क उभारून ते बाजारात नेण्याचे विधेयक राज्यसभेत आले होते. ते कायदा होऊ शकले नाही, पण त्यामागील वृत्ती जिवंत आहे. तांब्यावरील एखादा उपयुक्त उत्प्रेरक सार्वजनिक प्रयोगशाळेत सापडावा, त्याचा परवाना एखाद्या तेलकंपनीने कवडीमोलाने घ्यावा आणि कारखान्यासाठी पुन्हा सार्वजनिक अनुदान उचलावे, असे घडले तर जनता एकाच वस्तूची किंमत तीनदा मोजील: संशोधनाला, अनुदानाला आणि बाजारात.

म्हणून पक्षाने या प्रश्नावर पुढील मागण्या घेऊन उभे राहावे. कर्बवायूच्या भावी वापराचे आश्वासन कोणत्याही नव्या कोळसा प्रकल्पाच्या परवानगीत विचारात घेऊ नये. अनुदान मागणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने किलोमागे किती वीज, ती कोणत्या स्रोताची, आणि तीच वीज कोळशाच्या जागी वापरली असती तर किती धूर वाचला असता, हा ताळेबंद जाहीर करावा. वीस हजार कोटींतून कोळसा केंद्रांना एक पैसाही मिळू नये. सिमेंट आणि पोलाद यांना मिळेल तो कर्जाच्या किंवा सार्वजनिक भागभांडवलाच्या रूपाने मिळावा. सार्वजनिक पैशातून झालेले पेटंट सार्वजनिक राहावे. आणि जेथे धुराडे विझणार आहे तेथील कामगारांचा पुनर्वसन निधी आधी उभा राहावा, उत्प्रेरकांचे उद्घाटन-सोहळे मागाहून व्हावेत.

पुढच्या खेपेस एखादा मंत्री वा उद्योगपती धुराचे सोने करण्याची कथा सांगू लागला तर आपल्या कार्यकर्त्याने सभेत उठून एकच साधा प्रश्न विचारावा: ‘साहेब, एका किलोला किती युनिटे, आणि ती कोठून आणणार?’ उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये.